पेट्या की थैल्या, भोजराज?

भोजराज, माणसानं जायचं तर निदान वाद मिटवून जावं. तू मधेच उठून गेला. उन्हाळी धानाचे परे किती वर आले ते पाहून येतो म्हणून सकाळी बांधीवर गेला, शेताच्या धुऱ्यावर बसला, आणि बसला तो बसलाच. आज अठरावा दिवस. तेरवीला तुझ्या अंगणात वरण मी वाढलं. वाढताना तीन जणांनी विचारलं, गुरुजी, आता त्या उंच मोटारसायकलचं काय? तिसऱ्याला मी म्हटलं, मला काय विचारता, ज्याची गाडी त्याला विचारा. सवयीनं तोंडातून निघून गेलं. मग बादली खाली ठेवली आणि विहिरीकडे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

तर गाडीचंच सांगतो. परवा तुझी पूनम माझ्या घरी आली. चहा घेतला नाही, नीट बसलीही नाही. "काकाजी, बाबाचा मालव्याचा दौरा मी करणार," म्हणाली. नागपुरात नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची पोर. गाडी तूच शिकवलेली, बिरसीच्या विमानतळाच्या भिंतीकडच्या रस्त्यावर. तिला नाही म्हणणारा मी कोण? वहिनींनीही हो म्हटलं, पण एक अट घातली. सामान गुरुजी सांगतील तसंच बांधायचं. पूनमनं नागपुरात गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या पाहून ठेवल्या आहेत. मी हो म्हणायची खोटी, पुढच्या आठवड्यात त्या गाडीला बसणार.

"बाबा थैल्या म्हणे, तुम्ही पेट्या म्हणत," ती म्हणाली. "पाच वर्षं तुमचं भांडण ऐकून राहिली मी. बाबाचं मन राखायले गप्प राहो, पण मले तर तुमचंच पटे काकाजी."

तुझ्याविरुद्ध पाच वर्षं तोंड चालवलं, आणि शेवटी जिंकलो तो असा. तुझ्या पोरीच्या मनात. आणि त्या वादात खरं कोण होतं हे जगात एकट्या मला माहीत आहे, तुलाही नाही. आता प्रश्न माझ्या नाकाचा नाही, तिच्या पायाचा आहे. मी तिला म्हटलं, रविवारी सकाळी येतो, तोवर काही घेऊ नको. ती गेली, आणि आज मी हे लिहायला बसलो. तिला जे सांगायचं ते आधी तुला सांगायला पाहिजे होतं, म्हणून.

तू ती गाडी आणली तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, लोक पन्नाशी झाली का तीर्थाला जाते, यानं घोडा आणला. जुनीच होती, पण उंच, दणकट, दगडधोंड्यातून जाणारी. तुझं पाहून सहा महिन्यांनी मीही तशीच घेतली. तुझी घेण्यामागं कारण होतं, माझी घेण्यामागं तू. तुम्ही पोवार मालव्यातून आले, हे तुझ्या घरी पाळण्यापासून ऐकवतात. तुला तीच वाट उलटी धरायची होती, गोंदियाहून थेट धारपर्यंत. "मले पाहायचं हाये मास्तर, माये लोक तिथून कायले निघाले," तू म्हणायचा. "चांगलंच गाव असन ना ते." मी कुणबी, माझे पूर्वज कुठून आले कोणी सांगत नाही, म्हणून तुझ्याच पूर्वजांच्या गावाला निघालो होतो. निघालो होतो म्हणजे काय, पाच वर्षं निघतच होतो. एक वर्ष तुझा धान पावसात सापडला, एक वर्ष माझी निवडणुकीची ड्युटी लागली, आणि उरलेली वर्षं आपण सामान कशात भरायचं यावर भांडलो.

नागपूरच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात आपण गेलो तो दिवस मला अजून दिसतो. दुकानदार आधी पेट्या दाखवायला लागला. कुलूप, चकाकी, वर बसून चहा प्यायची सोय. मी भुललो. तू पेटीला बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि विचारलं, "आणि गाडी पडली तर?" दुकानदार म्हणाला, पेटीला काही होत नाही. तू म्हणाला, "पेटीचं नाई गा विचारलं, पायाचं विचारलं." मग तू कापडी थैल्या मागितल्या. एकेक थैली उलटी करून आतून पाहिली. टाक्यात नख घातलं. पट्टा नुसता कापडावर शिवला आहे की मागं दुहेरी पट्टी लावून, ते पाहिलं. तोंड गुंडाळून बंद होतं का, किती वेढे बसतात, पट्टा ओला झाल्यावर सरकेल का, सगळं विचारलं. तासभर. शेवटी दुकानदारानं विचारलं, कोणती देऊ? तू म्हणाला, "शिकून झालं. आता घरी शिवतो." तिथल्या तिथं मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुला काही वाटलं नाही.

शिवलंच की तू. छपरीतल्या त्या जाड मशीनवर, जिच्यावर मळणीच्या दिवसांत अर्ध्या गावाच्या ताडपत्र्या दुरुस्त व्हायच्या. वरून विमान शिकणारी पोरं घिरट्या घालायची, खाली तू ट्रकच्या ताडपत्रीला आतून मऊ अस्तर लावत बसलेला. दोन जोड्या केल्या, एक तुला, एक मला. मी पेट्याच घेणार म्हणून रोज सांगत होतो, तरी मला एक जोडी केली. "पेट्या येईपर्यंत वापर," म्हणाला.

आणि तुझी ती मुरमुऱ्यांची परीक्षा. तू थैलीत सुके मुरमुरे भरले, तोंड तीन वेढे गुंडाळलं, पट्टे आवळले आणि थैली बोडीच्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवला. सकाळपासून दुपारपर्यंत. गावातले चार म्हातारे काठावर बसून पाहत होते, कोणी म्हणे भोजराजनं मासे पकडायची नवी तऱ्हा काढली. दुपारी थैली काढली, उघडली, तू मूठभर मुरमुरे तोंडात टाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे कुरकुर खाल्ले. एकही सादळला नव्हता. म्हाताऱ्यांनीही ओंजळी पुढे केल्या. मी तीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवतो आहे, पण इतका साधा आणि इतका पक्का प्रयोग माझ्या हातून कधी झाला नाही. हे मी तेव्हा बोललो नाही. तेव्हा मी म्हणालो, पाणी ठीक, पण चोर आला तर? चोर ताडपत्री कापेल ना.

तू हसला. "चोरानं माये जुने कपडे नेले तर मी धारले धोतर घालून फिरीन. पाय कोण देईन आणून?"

आता माझ्या चुकीचं. वजन भरून गाडी चालवून पाहू असं ठरलं आणि वजन म्हणून आपण काय घेतलं? धान. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. दोन्ही बाजूंना सारख्या पायल्या मोजून सुटा धान थैल्यांत ओतला आणि इटियाडोह धरणाला जाऊन यायचं ठरवलं. तू सांगितलं होतं, सायलेन्सरच्या बाजूला थैली आणि नळी यांच्यात चार बोटं अंतर ठेव. मी पोत्याचा कट्टा बांधल्यासारखी थैली आवळली. आपल्याकडे गाडीवर धानाचा कट्टा बांधायचा तर जितका आवळाल तितका चांगला, हेच माझ्या हाताला माहीत. अर्जुनीच्या अलीकडे आरशात पाहिलं तर मागं तू नाही. दोन किलोमीटर उलटा आलो. तू सडकेवर उकिडवा बसून दुपट्ट्यात धान गोळा करत होता. माझी थैली तळाशी वितळून भोक पडलं होतं, आणि मी कितीतरी अंतर धान पेरत गेलो होतो. तुला आधी वाटलं, कोणाच्या ट्रॅक्टरवरचा कट्टा फुटला. मग ती रेघ माझ्या मागोमाग वळताना दिसली.

तू रागावला नाही. सायलेन्सरला चिकटलेल्या चार दाण्यांच्या लाह्या झाल्या होत्या, त्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाला, "मास्तर, चार बोटं." एवढंच. मग आपण दोघं वाकून धान वेचत राहिलो. पडलेलं अन्न टाकून पुढे जाणं तुला जमलं नसतं, मला तुझ्यासमोर जमलं नसतं. येणारे जाणारे थांबून विचारत होते, काय हरवलं? तू प्रत्येकाला सांगत होता, "काई नाई, मास्तरची शाळा भरली हाये." दुसऱ्या दिवशी तू तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून सायलेन्सरवर आडोसा केला आणि माझ्या थैलीला नवा तळ लावून दिला.

एवढं होऊनही मी पेट्यांचीच बाजू घेत राहिलो. का, ते तू दसऱ्याला सांगितलं. सोनं द्यायला तुझ्याकडे दहा-बारा लोक जमले होते. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. तू पानाचा विडा तोंडात ठेवत म्हणाला, "मास्तर, तुले पेट्या कायले पाहिजे सांगू? थैलीवाल्याकडं कोणी वळून पाहत नाई. तुले लोकांनी पाहिलं पाहिजे." सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

लागलं ते. खरं होतं म्हणून लागलं. पण भोजराज, मी चार दिवसांत विसरलोही होतो. दिवाळीनंतर तुझ्याकडे यायचंच होतं. आलो नाही त्याचं कारण दुसरं आहे, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

दिवाळीनंतरची ती दुपार. नवेगावकडून एकटा येत होतो. एका गावाजवळ सडकेवर धान वाळत घातलेला, अर्धी सडक भरून. आपल्याला काय नवं आहे त्यात? मी गाडी हळू केली, कडेनं काढत होतो, तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. मी धानावर चाक घातलं आणि पुढचं चाक निसटलं. गाडी डावीकडे आडवी. डावा पाय थैलीखाली. पूर्ण खाली, पोटरीपासून टाचेपर्यंत, वर एवढी अवजड गाडी. मी डोळे मिटले आणि हाडाचा आवाज येईल म्हणून थांबलो. आला नाही. थैली दबली. आत रेनकोट आणि एक चादर होती, ती दबली, आणि पायाला जागा राहिली. मी पाय ओढला तर जोडा आत राहिला आणि पाय बाहेर आला. ज्या बाईचा धान होता ती पळत आली आणि आधी धानच पाहिला. "सारा धान इस्कटला ना गुरुजी," म्हणाली, मग माझ्याकडे पाहिलं, मग तिनं आणि ट्रॅक्टरवाल्यानं गाडी उचलली. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. मी तिथंच सडकेच्या कडेला बसून हिशेब केला. मास्तर ना मी. थैलीच्या जागी पेटीची कड असती तर पोटरीचं हाड दोन ठिकाणी गेलं असतं.

घरी येऊन तुला फोन करायचा ना? साधी गोष्ट. भोजराज, पडलो, तुझ्या थैलीनं वाचलो, तू जिंकला. तीन वाक्यं. नाही केला. थैलीचा कोपरा फाटला होता, तो गोंदियात एका सीट कव्हरवाल्याकडे नेला. त्यानं थैली उलटी केली, अगदी तू दुकानात केली होती तशी, आणि विचारलं, "मास्टरजी, ये सिलाई किसने की? ऐसा डबल टाका अब कोई नहीं मारता." मी म्हटलं, एक दोस्त है. तो म्हणाला, "उनको बोलना, हमारी दुकान पे कभी आएँ." हा निरोपही तुझ्यापर्यंत पोचला नाही.

आधी लंगडत होतो म्हणून तुझ्याकडे आलो नाही. मग पाय बरा झाला, पण थैलीवर दुसऱ्याचा टाका होता, आणि तुझा टाका कोणता ते तू दहा हातांवरून ओळखला असता. मग उगाचच एकेक रविवार गेला. तू फोन केला तेव्हा परीक्षा आहे म्हटलं. पुन्हा केला तेव्हा ड्युटी म्हटलं. ड्युटी नव्हती. दोन महिने असे गेले आणि मग धुऱ्यावरून तू गेल्याचा निरोप आला.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार, सकाळी तुझ्याकडे जाऊन आलो.

पूनमनं गाडी छपरीत आणून ठेवली होती. मी माझी थैली सोबत नेली होती, तिच्यासमोर उलटी केली आणि शिवलेला कोपरा दाखवला. मग सगळं सांगितलं, धान, ट्रॅक्टर, पाय, जोडा. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पूनमनं तो टाका बोटानं चाचपला आणि विचारलं, "मंग पेट्या नको?" मी म्हटलं, नको बाई. तुझी उंची पाहा, गाडीची पाहा. मालव्याच्या घाटात कुठं तरी एकदा आडवी होशीलच, सगळे होतात. त्या वेळी पायावर कापड पाहिजे.

मग आम्ही तुझ्या थैल्या बसवल्या. तुझ्या पद्धतीनं, मला जेवढी आठवली तेवढी. पिप्याचा पत्रा आधी, मग चार बोटं. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर. पट्ट्यांची सुटी टोकं गुंडाळून बांधली, नाहीतर साखळीत जातात. पूनम मागच्या सीटवर बसून खाली दबली आणि मी वाकून पाहिलं, थैली चाकाला लागते का. मागचा दिवा झाकला जातो का तेही पाहिलं. तिनं मला विचारलं, "पहिल्या दहा किलोमीटरले थांबून पट्टे पुन्हा आवळायचे ना? बाबा म्हणे, नवा पट्टा पहिले खोटं बोलते." मला हे माहीतच नव्हतं. मला तू कधी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मी ऐकत नव्हतो. तिच्या हातांना तुझी सवय आहे, भोजराज. पट्टा ओढताना ती तुझ्यासारखी जीभ दाताखाली धरते. मी पाहत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

काम झाल्यावर वहिनींनी चहा आणला. पूनमनं कप हातात घेतला आणि विचारलं, "काकाजी, हे तुम्ही बाबाले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, लाज वाटली.

वहिनी बोलल्या. त्या खाली जमिनीकडे पाहत होत्या. "यांले वाटे, तुम्ही दसऱ्याच्या बोलण्यावरून रागावले," म्हणाल्या. "मी म्हणो, जाऊन भेटून या. दोनदा गाडी बाहेर काढली तुमच्याकडं यायले. दोनदा परत लावली. म्हणे, चार लोकांत मास्तरले तसं बोलायले नको होतं. उतरू दे त्याचा राग, मंग जाईन."

मी चहा प्यालो. पूर्ण प्यालो, कप धुऊन ठेवला आणि घरी आलो.

भोजराज, मी रागावलो नव्हतो रे. पाय वाचला होता माझा, आणि तो तू वाचवला होता. हे तुला सांगायला मी लाजत राहिलो, आणि तू तिकडे माझी माफी कशी मागावी म्हणून गाडी काढत होता आणि लावत होता.